महिन्याचे हजार रुपये कलाकाराच्या हातात कसे पडतील?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात नोकरी करते. गाणी ऐकायला मनापासून आवडतात, पण ॲप जे समोर आणून ठेवतं तेच ऐकलं जातं. कंपनीच्या आधाराशिवाय, स्वतःच्या बळावर गाणी करणारे मराठी कलाकार शोधू कुठे? महिन्याला हजार रुपये बाजूला काढू शकते. ते त्यांच्यापर्यंत खरंच पोचावेत म्हणून काय करू? नुसतं लाइक आणि शेअर करून काही होतं का?"

ताई, मी सांगलीत ध्वनिमुद्रण करतो. बावीस वर्षं झाली. त्यातली सोळा वर्षं दर महिन्याला एक छोटी बैठक भरवतो. साठ-सत्तर श्रोते येतात आणि सतरंजीवर बसून ऐकतात. या काळात गायक, वादक, शाहीर, रॅप करणारी मुलं, भजनी मंडळं अशा पुष्कळ लोकांशी गाण्याचा आणि पैशाचा व्यवहार झाला. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. गाणं आवडलं म्हणून अंगठा दाखवून पुढे जाणारे हजार लोक कलाकाराला जगवत नाहीत, पुन्हा पुन्हा येणारे पन्नास लोक जगवतात. म्हणून तुमचे हजार रुपये दहा जणांत शंभर-शंभर वाटू नका. वर्षभरासाठी दोनच कलाकार धरा, फार तर तीन, आणि वर्षभर त्यांची पाठ सोडू नका.

आधी लाइक-शेअरचं सांगतो. यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या जाहिरातींच्या पैशात वाटा मिळायला चॅनलचे १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं लागतं. शॉर्ट्सचा हिशेब वेगळा. म्हणजे ज्याचे सातशे सबस्क्रायबर आहेत त्याला तुमच्या एका सबस्क्राइबचा खरा उपयोग आहे, सत्तर हजारवाल्याला जवळजवळ नाही. लहान चॅनलवरचं गाणं मधेच न सोडता शेवटपर्यंत ऐका, तेवढी मिनिटं त्याच्या खात्यावर चढतात. फक्त एक बघा: चॅनल कोणाचं आहे? पुष्कळदा गाणारी व्यक्ती एक आणि चॅनलचा मालक दुसराच असतो. अशा वेळी तुमचं प्रेम सगळं मालकाकडे जमा होतं. कलाकाराचं स्वतःचं चॅनल शोधून तिथेच ऐका.

ॲपच्या वर्गणीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. आपण भरलेले पैसे आपण ऐकलेल्या कलाकारांत वाटले जातात असं लोकांना वाटतं. मोठ्या ॲपवर सहसा तसं होत नाही. सगळ्यांची वर्गणी एका हंड्यात पडते, त्यातून ॲप आपला वाटा काढतं आणि उरलेलं एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांच्या प्रमाणात वाटलं जातं. तुम्ही महिनाभर फक्त एका वऱ्हाडी रॅपरला ऐकलंत तरी तुमच्या वर्गणीतला मोठा घास तुम्ही कधीही न लावलेल्या सिनेमाच्या गाण्यांना जातो. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर आधीच्या १२ महिन्यांत ज्या गाण्याची १,००० ऐकणी झाली नाहीत, त्याला रॉयल्टीच मिळत नाही. ॲपवर ऐकू नका असं मी म्हणत नाही, मीही ऐकतो. पण तो ओळख करून घ्यायचा रस्ता आहे, त्यावरून पैसे फार जात नाहीत.

आता शोधायचं कसं. माझं उत्तर एकच: गायकाच्या मागे बसलेल्या माणसाला विचारा.

ढोलकीवाला महिन्यात पंधरा-वीस गायकांबरोबर वाजवतो. पेटीवाला तसाच, तबलजी तसाच. रियाज कोणाचा चालू आहे, स्वतःच्या चाली कोण बांधतंय, आवाज कोणाचा उघडतोय हे त्यांना पेपरात छापून यायच्या दोन-चार वर्षं आधी कळतं. कार्यक्रम संपला की सगळी गर्दी गायकाभोवती जमते आणि तबलजी एकटाच हातोडी-गवसणी आवरत बसलेला असतो. त्याच्याजवळ जा, त्याच्या हाताचं कौतुक करा आणि विचारा, "सध्या कोणाबरोबर वाजवायला मजा येते?" "चांगलं कोण गातं?" असं विचारू नका. त्या प्रश्नावर सगळे सभ्यपणे मोठी नावंच सांगतात. मजा कोणाबरोबर येते, हे विचारलं की माणूस क्षणभर थांबतो आणि मग जे नाव येतं ते बहुधा तुम्ही कधी ऐकलेलं नसतं. माझ्या बैठकीत गायलेल्यांपैकी निम्मी नावं मला अशी मिळाली.

वाद्यं करणारे हे दुसरे जाणकार. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा-सतारीचं काम पिढ्यान् पिढ्या चाललंय, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे एखाद्या दुकानात तासभर बसा. जवारी काढून, म्हणजे तारांचा झंकार नीट करून घ्यायला कोण येतंय, कुठल्या गावाहून एखादी मुलगी एसटीत तंबोरा मांडीवर धरून आली, हे सगळं त्या कारागिरांना तोंडपाठ असतं. पुण्यात राहून मिरज लांब वाटत असेल तर तुमच्या जवळच्या तबला-ढोलकी भरून देणाऱ्या दुकानात जा. शाई लावणाऱ्याला कोणाचा हात किती चालतो ते चामड्याची पुडी बघून कळतं.

घरबसल्या हेच करायचं तर गाण्याखालचा मजकूर उघडा. गायकाचं नाव तर वरच असतं. तुम्ही खाली जाऊन ढोलकी, बासरी, संगीत संयोजन, मिक्सिंग कोणाचं ते वाचा आणि त्यातल्या एकाचं नाव टाकून शोधा. तीन उड्यांत तुम्ही ॲपने कधीच न दाखवलेल्या ठिकाणी पोचता.

तुम्ही पुण्यात आहात म्हणून आणखी एक सुचवतो. फिरोदिया करंडक स्पर्धेला जा. महाविद्यालयातली मुलं एकाच सादरीकरणात नाट्य, नृत्य, चित्रं, संगीत सगळं आणतात, आणि गाणी बहुधा स्वतःच लिहून, स्वतःच चाल लावून तिथेच वाजवतात. पुरुषोत्तम करंडकातल्या एकांकिकांचं संगीत कोणी केलंय तेही बघत चला. पुढे दहा वर्षांनी ज्यांच्या तिकिटासाठी रांगा लागतील, त्यांतले काही जण आज तिथे पेटी वाजवत बसलेले असतात.

आणि स्वतंत्र कलाकार म्हटलं की गिटार घेतलेली शहरी मुलंच डोळ्यांसमोर आणू नका. त्यांच्यात उत्तम लोक आहेत, त्यांनाही ऐका. पण खानदेशात अहिराणी गाण्यांचं एक अख्खं जग आहे. लग्नाची, सणावाराची, नव्या चालीची ती गाणी तिथलीच मुलं लिहितात, तिथेच चित्रित करतात, आणि मुंबईच्या कंपन्यांना विचारायला जात नाहीत. उरण-पनवेलकडची आगरी-कोळी गाणी तशीच. अमरावतीचा १०० आरबीएच हा रॅपर वऱ्हाडी बोलीत गातो. मुंबईतल्या स्वदेसी या गटात एमसी मवालीसारखे मराठीत रॅप करणारे आहेत, त्यांनी आरेच्या जंगलाबद्दल आदिवासी गायक प्रकाश भोईर यांच्याबरोबर गाणं केलं. ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलबरोबर भीमगीतांचे स्टॉल असतात. पूर्वी तिथे कॅसेट मिळायच्या, मग सीडी आल्या, पुढे पेन ड्राइव्ह. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव गात फिरले, त्या परंपरेतले आजचे गायक तुम्हाला तिथे भेटतील. बोलीचं नाव टाकून शोधा: अहिराणी, आगरी, मालवणी, झाडीबोली. नुसतं "मराठी गाणी" टाकलंत तर तीच वीस गाणी येणार.

आता पैसे. यात सगळ्यात मोलाचा धडा मला नारायणगावला मिळाला. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रा कमिटीची माणसं येतात, फडाच्या मॅनेजरसमोर बसतात, घासाघीस होते, सुपारी ठरते, इसार हातात पडतो आणि वहीत तारीख चढते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका मॅनेजरच्या शेजारी दिवसभर बसलो होतो. तो म्हणाला, "रक्कम कमी-जास्त चालती, तारीख हलली की मरण." साठ-सत्तर माणसांचा फड असतो, ट्रक असतात, रोजचं जेवण असतं. वहीत तारखा चढलेल्या असल्या तरच तो सावकाराकडे न जाता हंगाम काढू शकतो.

पुण्यातल्या छोट्या सभागृहात गाणाऱ्या मुलीचंही तेच असतं, फक्त तिच्याकडे वही नसते. म्हणून तुमच्या हजारातला पहिला खर्च तिकिटाचा, आणि तो विक्री सुरू झाल्याच्या दिवशी. शेवटच्या दिवशी दारात तिकीट घेणारा आणि पहिल्या दिवशी घेणारा सारखेच पैसे देतात, पण कार्यक्रम होतो तो पहिल्याच्या जिवावर. आयोजक म्हणून सांगतो, शनिवारच्या कार्यक्रमाची बुधवारपर्यंत बाराच तिकिटं गेलेली असली की पोटात गोळा येतो. सभागृहाचं भाडं, साथीदारांचं मानधन, ध्वनिव्यवस्था हे सगळं ठरलेलं असतं. असे दोन कार्यक्रम मी शुक्रवारी रद्द केले आणि दोन्ही वेळा शनिवारी दुपारी "तिकीट आहे का?" म्हणून वीस-वीस फोन आले. ते वीस जण सोमवारी आले असते तर त्या दोन्ही गायिका गायल्या असत्या. एकीने नंतर नोकरी धरली. तिचा तो कार्यक्रम अजून मनातून जात नाही.

दुसरा खर्च म्हणजे गाणं होण्याआधीच त्यात भर घालणं. माझ्याकडे एक गाणं नीट ध्वनिमुद्रित करायचं तर स्टुडिओचे आठ-दहा तास, चार साथीदार, मिक्सिंग असं सगळं धरून अठरा-वीस हजारांपर्यंत जातं. आमच्या बैठकीतल्या वीस श्रोत्यांनी एकेक हजार काढले आणि एका हलगीवाल्या मंडळींचं ध्वनिमुद्रण झालं. तो दिवस सांगण्यासारखा आहे.

हलगी, घुमकं, कैताळ घेऊन चौघं सकाळी नऊला आले. स्टुडिओत एसी चालू होता. पहिलीच थाप पडली आणि हलगी भसकन बोलली. गार हवेत कातडं सैल पडलं होतं. मी माइक हलवून बघितला, एसी बंद केला, तरी नाही. तेव्हा त्यांच्यातले थोरले काही न बोलता उठले, अंगणात गेले, जुने पेपर आणि पालापाचोळा गोळा करून पेटवला आणि हलगी त्यावर फिरवायला लागले. मधूनमधून टिचकी मारून कान लावायचे. पाच मिनिटांत तिचा आवाज असा चढला की शेजारच्या घरातली पोरं गच्चीवर आली. मग मी आत नेण्याचा नाद सोडला. वायरी ओढून माइक अंगणातच लावले आणि दर दोन तुकड्यांमध्ये शेकोटीसाठी थांबत दिवसभर मुद्रण केलं. त्या मुद्रणात पानं जळल्याचा बारीक आवाज आहे. तो मी काढला नाही. वीस जणांपैकी सहा जण त्या दिवशी अंगणात बसून होते. पुढच्या वर्षभरात त्यांतल्या तिघांनी याच मंडळींना आपल्या घरच्या कार्याला बोलावलं आणि सुपारी देताना घासाघीस केली नाही, कारण दिवसभराचे कष्ट त्यांनी डोळ्यांनी बघितले होते.

परदेशातले मराठी वाचक असतील त्यांच्यासाठी: कलाकार बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांची गाणी थेट विकणाऱ्या संकेतस्थळावर असेल तर तिथून विकत घ्या. डिजिटल विक्रीत ते साधारण १५ टक्के ठेवतात, त्याशिवाय पैसे पाठवण्याचा थोडा खर्च जातो, बाकीचं कलाकाराला मिळतं. भारतातल्या भारतात मात्र तो रस्ता सोपा नाही. तिथला पैसा पेपालवरून येतो आणि पेपालने भारतांतर्गत व्यवहार एप्रिल २०२१ पासून बंद केले. इथे आपला यूपीआय सगळ्यात सरळ. कलाकाराला निरोप करा, "तुमचं अमुक गाणं मी महिनाभर ऐकतेय, त्याचे तीनशे पाठवायचे आहेत, नंबर द्याल का?" बहुतेक जण आधी संकोचतात. दुसऱ्यांदा विचारलं की देतात.

पैशांइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, तुमच्या हातात आणखी एक आहे. तुम्ही नोकरी करता, म्हणजे कागद वाचता येतात. जत तालुक्यातल्या एका ओव्या गाणाऱ्या बाईंनी पाच हजार रुपयांवर एका चॅनलवाल्याला स्टॅम्प पेपरवर सही दिली. गाणी लाखांनी बघितली गेली. पुढे त्यांच्या मुलाने तीच गाणी आईच्या नावाच्या चॅनलवर टाकली तर ती काढून टाकायची नोटीस आली. कागद माझ्याकडे आणला तेव्हा त्यात "सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर" असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मला काही करता आलं नाही. सही करण्याआधी घरातल्या कोणी तो वाचला असता तर? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ते "कायमस्वरूपी" आणि "जगभर" हे दोन शब्द खोडून घेतले असते तरी मोठा फरक पडला असता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटाही असा सरसकट लिहून घेता येत नाही, आणि त्यांना आयपीआरएसचं सभासद होता येतं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून त्यांना वाटणारी ही संस्था १९६९ पासून आहे. पण फॉर्म इंग्रजीत असतो, गाण्यांची यादी नीट भरावी लागते, आणि आमच्याकडचे निम्मे कलाकार तिथेच थांबतात. एका रविवारी तुम्ही लॅपटॉप घेऊन एखाद्या शाहिराबरोबर बसलात तर तुमच्या वर्षाच्या बारा हजारांपेक्षा मोठं काम होईल. आयोजकाने मानधनातून टीडीएस कापला असेल तर त्याचा दाखला मागायलाही शिकवा. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळू शकतो हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

सहा-आठ महिने असं ऐकून झालं की घरी बैठक करा. हॉलमध्ये तीस माणसं बसली तर माइकची गरज नाही, आणि माइक नसला की गाणं वेगळंच ऐकू येतं. प्रत्येकी तीनशे रुपये घेतले तर नऊ हजार जमतात. गावातलाच उमेदीचा कलाकार आणि दोन साथीदार यांना ते देता येतात, प्रवास मात्र वेगळा धरा. श्रोत्यांना पैसे आधी सांगा, आधीच घ्या. "ऐच्छिक" म्हणून डबा ठेवलात तर त्यात किती पडतं हे मी सोळा वर्षं बघितलंय, ठेवू नका. जमिनीवर जाड सतरंज्या, खिडक्यांना पडदे, नाहीतर मोकळ्या फरशीवर आवाज घुमतो. फ्रिज बंद करा, गाण्याच्या वेळी त्याची घरघर सुरावर बसते. पंखा मंद. कलाकार बसेल ती जागा दारापासून लांब, म्हणजे उशिरा येणारा समोरून जाणार नाही. पिण्याचं पाणी साधं. जेवण गाण्यानंतर, आणि साथीदारांनाही त्याच पंगतीत. साडेसहाला सुरू करा आणि नऊपर्यंत संपवा. माइक लावलाच तर रात्री दहाचा नियम आहेच, पण त्याहीपेक्षा शेजाऱ्यांना बोलावून बसवणं चांगलं.

फोनवर चित्रण करायचं तर कलाकाराला आधी विचारा. नवं, अजून घडत असलेलं गाणं लोक अशा बैठकीतच धाडसाने म्हणतात. ते दुसऱ्या दिवशी कच्चं-पक्कं सगळीकडे फिरलं की पुढच्या वेळी तो माणूस फक्त पाठ असलेलं गातो.

आणि मानधन. गाण्याआधी द्या. गाणं संपल्यावर गर्दीत, गडबडीत, "जरा थांबा हं" म्हणत देऊ नका. गायिकेचं पाकीट वेगळं, तबलजीचं वेगळं, पेटीवाल्याचं वेगळं, प्रत्येकावर नाव लिहून. एकच पाकीट गायिकेकडे दिलं की वाटणीचा अवघडपणा तिच्यावर येतो. कलाकार आले, चहा झाला, वाद्यं लावून झाली, की आतल्या खोलीत जाऊन तिघांनाही एकेक करून द्या. आमच्याकडे हे काम माझी बायको करते. पहिल्या वर्षी एका वयस्क पेटीवाल्यांनी पाकीट हातात घेतलं, त्यावरचं स्वतःचं नाव वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं, आणि न उघडता सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. त्या रात्री त्यांनी जी पेटी वाजवली ती माझ्याकडे मुद्रित आहे. तुम्ही कधी सांगलीला आलात तर ऐकवीन.